विकतचे ऊन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि ती सातवीही लग्न ठरत आले म्हणून घाईघाईने उरकलेली. पण चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘तुमच्या घरातल्या त्या तंबूबद्दल आणि त्यातल्या दिव्याबद्दल दहा मिनिटे बोला. बायका मला विचारतात, आणि मला काही सांगता येत नाही.’’ मी हो म्हटले. त्यांना वाटले, मी भीडेने हो म्हटले. तसे नव्हते. मला या दिव्यापायी तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची होती आणि त्यासाठी निमित्त हवे होते.

मंडळाच्या बचतीतून मी गेल्या आश्विनात १२ हजार रुपये कर्ज घेतले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. वहीत तशी नोंद आहे. त्या वेळी माझ्या मागे नंबर लावून आणखी एक भगिनी होती. तिला मुलीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी भरायची होती. माझा अर्ज आधी आला म्हणून पैसे मला मिळाले, तिला दोन महिने थांबावे लागले, आणि त्या दोन महिन्यांसाठी तिने हातातल्या बांगड्या गहाण ठेवल्या. हे मला नंतर कळले. ती आज समोर बसली आहे, तिला विचारूनच मी हे सांगते आहे. तिच्या मुलीच्या फीला अडवून घेतलेल्या त्या पैशांतले ३८०० रुपये मी पहिल्या पंधरा दिवसांत अक्षरशः पाण्यात घातले, आणि वर्षभर कोणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून मेथीच्या कोवळ्या रोपांच्या डब्या दिल्या. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलेत आणि मी हसून घेतले. ती रोपे दुसऱ्या दिव्याखालची होती. पहिल्या दिव्याबद्दल मी ब्र काढला नाही.

आता मुळापासून सांगते.

आमचे बिऱ्हाड आधी चाळीत होते. तिसरा मजला, पुढे लांब गॅलरी, आणि सकाळी आठपासून दुपारपर्यंत ऊन. सासूबाईंचे सगळे राज्य त्या गॅलरीत. त्या मूळच्या राजापूरकडच्या. मुंबईत येऊन पन्नास वर्षे झाली तरी हात मातीत घातल्याशिवाय त्यांना दिवस गेल्यासारखा वाटत नाही. तेलाच्या डब्यांतून तुळस, कढीपत्ता, गवती चहा, ओवा, एका फुटक्या बादलीत अळू. पुढे चाळ पाडली, इमारत झाली, आणि आम्हांला चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूची जागा मिळाली. जागा चांगली आहे, संडास घरात आहे, तक्रार नाही. पण समोर हाताच्या अंतरावर दुसरी इमारत उभी. ऊन घरात येतच नाही. सगळे डबे आम्ही खिडकीच्या जाळीत ओळीने मांडले. तुळस उजेडाच्या दिशेने मान लांब करकरून दीड महिन्यात वाळली. मग गवती चहा गेला. कढीपत्ता तेवढा सहा महिने तग धरून होता.

पुतण्याने एकदा मोबाईलवर उजेड मोजायचे साधन उतरवून दिले. भर दुपारी आमच्या जाळीत ते ४०० लक्स दाखवीत होते आणि त्याच वेळी गच्चीवर आकडा लाखाच्या घरात. आपल्या डोळ्यांना जाळीतही चांगला उजेड वाटतो, कारण डोळा लबाड आहे, तो अंधारात लगेच स्वतःला जुळवून घेतो. झाडाला ते जमत नाही. झाडाला ऊन म्हणजे जेवण. ताटात शितेही न वाढता तुम्ही त्याला रोज पाणी पाजत राहिलात तर ते जगेल कसे?

सासूबाई काही बोलल्या नाहीत. रिकामे डबे धुऊन पालथे घातले आणि सकाळच्या उठेनाशा झाल्या. सहाला उठणारी बाई नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी तपासले, काही नाही म्हणाले. त्याच सुमारास मी राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात घरात वाढवायच्या भाज्यांचा प्रकार पाहिला होता. काळ्या कापडाचा तंबू, आतून चकचकीत चंदेरी, वरून दिवा टांगलेला, खाली ताटांतून हिरवेगार. मला वाटले, आपण हे करू. सासूबाईंचे हात गुंतले तर गुंततील, आणि कोवळी रोपे विकून कर्जाचा हप्ताही निघेल.

तंबू घेतला १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १५० उंच, ५२०० रुपयांना. त्यात चूक झाली नाही. चूक झाली ती दिव्यात.

दुकानाचे नाव मी घेत नाही. पेटीवर ठळक अक्षरांत लिहिले होते ‘१००० वॅट’. लावला की जांभळा-गुलाबी उजेड. दुकानदार म्हणाला, झाडांना तांबडा आणि निळा हे दोनच रंग लागतात, बाकीचा उजेड फुकट जातो. मला ते पटले. १००० वॅट म्हणजे आमच्या इस्त्रीइतका जोर, आणि तोही ३८०० रुपयांत! मी मनात म्हटले, काय नशीब आहे.

दिवा टांगला. मेथी, मोहरी, मुळा पेरले. चौथ्या दिवशी उगवले, आठव्या दिवशी दोऱ्यासारखे लांब झाले, दहाव्या दिवशी आडवे पडले. मी दिवा खाली घेतला, पुन्हा पेरले, पुन्हा तेच. सासूबाईंचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांना तो जांभळा उजेड सोसेना. त्या म्हणत, ‘‘हा दिवा आहे की भुताटकी? पान हिरवे आहे की काळे तेच कळत नाही.’’ त्यात एक गंमत, म्हणजे आज गंमत, तेव्हा मी घामाघूम झाले होते. रात्री खिडकीतून तो जांभळा उजेड समोरच्या इमारतीला दिसे. कोणीतरी यांना जिन्यात गाठून हळूच विचारले, ‘‘वहिनी घरात नेमके काय पिकवतात हो?’’ परदेशात असल्या तंबूत लोक भलतेसलते पिकवतात म्हणे. यांनी त्या गृहस्थांना घरी आणून मेथी दाखवली. मेथीची ती दशा पाहून त्यांना अधिकच वाईट वाटले.

माझा पुतण्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स झालेला आहे. तो एक दिवस प्लगमध्ये बसवायचे छोटे मीटर घेऊन आला. ते भिंतीच्या प्लगला लावायचे आणि त्यात दिवा लावायचा, म्हणजे दिवा खरोखर किती वीज खातो ते दिसते. १००० वॅटचा दिवा किती खात होता सांगू? ६३ वॅट!

मी म्हटले, मीटर बिघडलेले असेल. त्याने पंखा लावून दाखवला, बरोबर होते. मग त्याने मला पेटीवरचा हिशेब समजावला. आत एलईडीचे १०० बारीक मणी आहेत. प्रत्येक मणी दहा वॅटच्या जातीचा, म्हणून गुणाकार करून १०००. पण त्या मण्याला दहा वॅट कोणी देतच नाही, दिले तर तो जळून जाईल. अर्ध्या-पाऊण वॅटवर तो चालवायचा आणि पेटीवर मात्र जातीचा आकडा छापायचा. दहा माणसांच्या पातेल्यात एका माणसाची आमटी करावी आणि दहा जणांचे पैसे घ्यावेत, तसेच हे. दुकानदाराकडे परत गेले तर तो म्हणाला, १००० वॅट म्हणजे ‘तितक्याच्या तोडीचा’. तोडीचा कशाच्या, ते त्याला सांगता आले नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हा बायांनो, पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. पेटीवरचे वॅट वाचू नका, दिवा प्रत्यक्ष खाईल ते वॅट विचारा. आणि तेवढ्यानेही भागत नाही. दोन बायका सारखेच पीठ मळतात, पण एकीच्या पोळ्या वीस होतात आणि दुसरीच्या चौदा. एवढ्या विजेतून झाडाच्या कामाचा उजेड किती निघतो, हा दुसरा आकडा.

हा आकडा समजायला मला आठ दिवस लागले. मी माझ्या भाषेत सांगते. आपण घरचा दिवा घेतो तेव्हा त्यावर लुमेन लिहिलेले असते. लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याने केलेले वजन. आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड जास्त भासतो, तांबडा-निळा कमी. म्हणून लुमेनच्या तराजूत झाडाचे माप नीट होत नाही. झाडासाठी उजेडाचे कण मोजतात. कण इतके बारीक आणि इतके अगणित की त्यांचे मोठे गठ्ठे करून मोजावे लागतात. त्या गठ्ठ्याला मायक्रोमोल म्हणतात. पावशेर-शेर असते तसे हे एक माप, नावाला घाबरू नये.

आता नळ डोळ्यांसमोर आणा. नळातून दर सेकंदाला किती पाणी पडते, तसे दिव्यातून दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात, तो दिव्याचा जोर. तेच पाणी लहान परातीत पडले तर लवकर भरेल, मोठ्या परातीत पसरेल. म्हणून एक चौरस मीटर जागेवर सेकंदाला किती पडले, तो दुसरा आकडा. आणि नळ किती तास चालू ठेवला, त्यावर दिवसअखेर किती साठले, हा तिसरा. झाडाला खरा कामाचा हा तिसराच. कोथिंबीर, मेथी, सॅलडची पाने अशा पालेभाज्यांना दिवसाला चौरस मीटरमागे १२ ते १७ मोल लागतात. मिरची-टोमॅटोला २० ते ३०. आणि आठ-दहा दिवसांत कापून खायची कोवळी रोपे याहून पुष्कळ कमीवर भागवतात, कारण त्यांच्या पोटात बियांचीच शिदोरी असते.

मी दुसरा दिवा घेतला त्याचा हिशेब वहीत मांडून ठेवला आहे. तो खातो १०० वॅट. मीटर लावून पाहिले तर ९८ दिसले, म्हणजे बोलल्याप्रमाणे. त्याच्या कागदावर लिहिले होते, एका वॅटमागे सेकंदाला २.६ मायक्रोमोल. चांगल्या दिव्यांचा हा आकडा अडीच ते तीनच्या मध्ये असतो. म्हणजे १०० वॅटचे झाले २६०. आमच्या तंबूची जमीन १.२ मीटर गुणिले ०.६, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. २६० ला ०.७२ ने भागले की ३६१ येतात. भिंतींत आणि कोपऱ्यांत वाया जाते म्हणून मी चौथा हिस्सा सोडून दिला, राहिले २७०. हा दिवा १४ तास चालवला तर दिवसाला सुमारे साडेतेरा मोल होतात. पालेभाजीचे जेवण झाले.

पहिल्या दिव्याच्या पेटीवर असला आकडाच नव्हता. तो या चांगल्या दिव्याइतकाच गुणी आहे असे उदार मनाने धरले तरी ६३ वॅटचे १६४ च होतात. आणि तो तितका गुणी नव्हताच, ते मेथीने सांगितले होते. ज्या दिव्याच्या कागदावर हा आकडा नाही, तो दिवा घेऊ नये असे माझे मत झाले आहे. भाजीवाल्याने तराजू दाखवायला नकार दिला तर आपण भाजी घेतो का?

आता रंगाचे. दुकानदाराचे बोलणे अर्धे खरे होते, म्हणून तर मी फसले. पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड जास्त शोषते, हे खरे. पान हिरवे दिसते कारण थोडा हिरवा उजेड ते परत फेकते, हेही खरे. पण थोडाच फेकते. बराचसा हिरवा उजेडही पान वापरते, आणि तो पानाच्या आत खोलवर जातो, वरच्या पानांतून झिरपून खालच्या पानांपर्यंतही पोचतो. तेव्हा पांढऱ्या उजेडातले काही फुकट जात नाही. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळे पडले, कीड लागली, बुरशी आली, तर लगेच दिसते. जांभळ्यात सगळेच काळे. या एका कारणासाठीसुद्धा मी पांढराच घ्या म्हणेन. गृहिणीचे अर्धे काम डोळ्याने चालते.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, हे मला पुतण्याने सांगितले तेव्हा खोटेच वाटले. निळ्या मण्यावर पिवळसर लेप असतो, त्यातून बाहेर पडताना उजेड पांढरा होतो. लेप नीट पाहिला की दिसतो, हळदीचे बोट लावल्यासारखा. हा निळा मणी तयार करणे इतके अवघड होते की त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिघांचाही जन्म जपानचा. कुठल्या तरी जपानी माणसाने वर्षानुवर्षे खपून निळा मणी केला, आणि त्याखाली राजापूरची म्हातारी परळला मेथी लावते, याची मला मौज वाटते. आमच्या दिव्यात पांढऱ्या मण्यांच्या मध्येमध्ये थोडे गडद तांबडे मणीही आहेत, ६६० नॅनोमीटरचे. पेटीवर पांढऱ्याचा रंग ३००० ते ४००० केल्व्हिन लिहिलेला असला म्हणजे पालेभाजीपासून फुलापर्यंत सगळ्याला चालतो.

दिव्याचा आकार तंबूच्या आकारासारखा असावा. आमचा तंबू लांबट, म्हणून दिवाही लांबट पाटीसारखा घेतला. लांब तंबूत मधोमध चौकोनी दिवा टांगला तर मधली मेथी माजते आणि कडेची उपाशी राहते. घरात वाढप करताना पंगतीच्या टोकाला बसलेल्यांची आठवण ठेवावी लागते, तसेच. मोबाईलने मी मोजले तर मध्ये २१ हजार लक्स येतात आणि कोपऱ्यात १३ हजार. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण ६७ ने भागले की मायक्रोमोलचा अंदाज येतो, आणि अंदाजच, कारण मोबाईल म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. जांभळ्या दिव्याला मात्र हा भागाकार मुळीच लागू नाही. मी दर दोन दिवसांनी ताटांची जागा बदलते, कडेची मध्ये, मधली कडेला.

उजेड कमी-जास्त करायची गुंडी असलेला दिवा घ्यावा. रोप उगवताना निम्म्यावर ठेवते, मग हळूहळू वाढवते. पानापासून दिवा मी हातभर वर टांगते, म्हणजे दीड फूट. रोप लांबुडके होऊन मान टाकू लागले तर उजेड कमी पडतो. वरची पाने पांढुरकी पडून कडा वळू लागल्या तर जास्त होतो. पुस्तकापेक्षा हे पानच जास्त खरे बोलते.

आता विजेच्या धोक्याचे, कारण तंबूत पाणी आहे, ओल आहे, आणि आपण ओल्या हाताने वावरतो. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे मोटारीचा नव्हे, विजेचा दाब जुळवून देणारा तो डबा, आम्ही तंबूच्या बाहेर भिंतीला ठोकला आहे. त्यामुळे त्याची उष्णताही बाहेर राहते. त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहून घ्यावे. दिव्याचे अंग पत्र्याचे असते म्हणून तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवेच. तिसरी पिन कापून दोन पिनांत बसवणारे महाभाग आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत, त्यांना तंबूजवळ फिरकू देऊ नका. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते, प्लगमध्ये शिरत नाही. हे सगळे सामान पुतण्याने लोहार चाळीतून आणले आणि घरातल्या बोर्डावर करंट गळला की वीज तोडणारे बटणही बसवून घेतले. ते तंबूसाठी घेतले, पण आता गिझरपाशीही माझा जीव थाऱ्यावर असतो.

खर्च विचाराल. १०० वॅटचा दिवा १४ तास म्हणजे रोज १.४ युनिट, महिन्याला ४२. आमच्या बिलात सगळे आकार मिळून युनिटला ११ रुपये धरते, म्हणजे ४६२ रुपये. आठवड्याला १२ डब्या कोवळी रोपे इमारतीत आणि समोरच्या टॉवरमध्ये जातात, ६० रुपये डबीप्रमाणे ७२० होतात. त्यातून बियाणे १८०, कोकोपीट आणि डब्या ९०, वीज ११५ वजा जाता ३३५ उरतात. यात माझ्या मेहनतीचे काही धरलेले नाही, आपण बायका धरतच नाही. आणि मे महिन्यात एक डबीही विकली नाही.

मे महिन्याचे सांगायलाच हवे, नाहीतर तुम्हांला वाटेल सगळे गोडच आहे. एलईडी गरम होत नाही असे लोक म्हणतात. ते जुन्या पिवळ्या बल्बच्या मानाने. १०० वॅट आत गेले की शेवटी १०० वॅटची ऊब होतेच, मग दिवा कितीही गुणी असो. हिवाळ्यात ती बरी. मे महिन्यात मुंबईत खोलीच मुळी तापलेली, त्यात बंद तंबू. कोथिंबीर उगवलीच नाही, मेथी करपली. आता मी दिवा संध्याकाळी सहाला लावते आणि सकाळी आठला बंद करते. झाडांचा दिवस म्हणजे आपली रात्र. खोली त्या वेळी त्यातल्या त्यात थंड असते. टायमर १५ दिवस चुकीचा लावला होता, तेव्हा झाडांचे आणि माझे दोघांचेही झोपेचे गणित बिघडले होते. वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा लागतोच. तो नसेल तर पावसाळ्यात रोपांच्या बुडाशी बुरशी येते आणि एका रात्रीत ताटच्या ताट बसते. श्रावणात माझी सहा ताटे गेली. त्यानंतर मी पेरणी विरळ केली.

आणि ज्यांना फक्त घरापुरती मोहरी-मुळ्याची कोवळी रोपे हवीत, त्यांनी माझ्यासारखा ६४०० रुपयांचा दिवा घेऊच नये. फडताळात खणाखणांतून आपली घरातली २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी लावा, एका खणाला दोन, वीतभर उंचीवर. तेवढ्यावर ती छान होतात. तंबूसुद्धा नको. ज्यांच्या खिडकीत चार तास ऊन येते त्यांनी तर यातले काहीच करू नये, देवाचे आभार मानावेत आणि कुंड्या मांडाव्यात.

६४०० हा आकडा तोंडातून गेलाच आहे, तर तेही सांगून टाकते. कर्जातले तंबूला ५२००, पहिल्या दिव्याला ३८००, पंखा, ताटे, माती यांना १९०० गेले. हातात राहिले ११००. दुसऱ्या दिव्याला ५३०० कमी पडत होते. साखरेच्या डब्यातले माझे २३०० होते. यांना मी सांगितले नव्हते. पहिला दिवा दीड हजाराचा आहे असे त्यांना खोटे सांगून बसले होते, आता दुसरा कोणत्या तोंडाने मागणार? दुपारी वही घेऊन बेरजा-वजाबाक्या करत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मला वाटले, झोपल्या आहेत. त्या तशाच म्हणाल्या, ‘‘किती कमी पडतात गं?’’ मी म्हटले, ‘‘आई, तुम्ही झोपा.’’ त्या उठल्या, लुगड्यांच्या घडीतून रुमाल काढला आणि तीन हजार मोजून माझ्या वहीवर ठेवले. म्हणाल्या, ‘‘त्याला आज सांग. मी समोर बसते.’’

त्या रात्री यांना सांगितले. हे पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला सांगितले असतेस तर मी दुकानात भांडलो तरी असतो.’’ एवढेच. रविवारी तिघे मिळून दिवा आणायला गेलो. त्या दुकानात मी काउंटरवरच मीटर लावून वॅट पाहिले. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. हमीचा कागद मागितला, तीन वर्षांचा मिळाला. दुरुस्ती कुठे होईल ते लिहून घेतले, कारण मणी पुष्कळ वर्षे टिकतात, आधी बिघडतो तो ड्रायव्हर. ५० हजार तास टिकतो असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तितक्या तासांनी तो विझतो असा नाही. बहुधा तेवढ्या तासांत उजेड १०० चा ७० वर येतो, असे असते.

सासूबाई आता सहाला उठतात की नाही? साडेसहाला. तंबूची चेन उघडून आत बघतात. दिव्याकडे टक लावून बघायचे नाही हे त्यांना बजावले आहे, तरी जुना गॉगल लावून बसतात. शेजारची मुले त्यांना हिरॉईन आजी म्हणतात. पाणी किती घालायचे यावरून आमचे रोज वाजते. तुळस लावली आहे, ती चांगली धरली. गवती चहा गावाहून आणला, त्याचे पाते तंबूच्या छताला लागते म्हणून दर रविवारी कापावे लागते. मिरचीला फूल आले आणि गळले. माझ्या हिशेबाने तिला उजेड निम्माच मिळतो, एवढ्या दिव्यावर ती होणार नाही. पण सासूबाईंना ते मान्य नाही. त्यांनी दुसरी लावली आहे. कढीपत्त्याची एक फांदी अजून जिवंत आहे. तिला दोन नवी पाने आली आहेत, तिसरे कधी येते याची वाट पाहतो आहोत.

कर्जाचा बारावा हप्ता आणि व्याज मी आज सकाळीच चिटणीसबाईंच्या हाती दिले आहे. त्याशिवाय त्या भगिनीच्या बांगड्यांवर दोन महिन्यांचे जे व्याज गेले, ते मी तिला देऊ केले होते. तिने घेतले नाही. त्याऐवजी तिच्या मुलीला, ती आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते, दर शनिवारी एक डबी पोचवायची असे आमच्यात ठरले आहे.

पुतण्याचे ते मीटर आता मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. दिवा, पंखा, फ्रिज, काहीही घ्यायचे असेल तर वहीत नाव लिहून घेऊन जा. आणि तंबू बघायला यायचे असेल तर संध्याकाळी सहानंतर या. त्याआधी आमच्याकडे झाडांची रात्र असते.